सडक्या कोबीचा वास

स्कार्वोय, २ सप्टेंबर

प्रिय गुन्वोर,

कॉफी पोचली. बोटीवरून उतरताना पुडक्याचा एक कोपरा भिजला होता, पण आत सगळं कोरडं होतं. तुझे मनापासून आभार. नवरा गेल्यावर नणंद कोणाला विचारते? तू मात्र दर दोन महिन्यांनी कॉफी धाडतेस आणि वर चार पानं भरून टोमणेही.

आता रागावणार नसलीस तर एक सांगते. ट्रोनहाइमचे कॉफीवाले लबाड झालेत. दोन चमचे जास्त घातले तरी गरम पाण्यासारखी लागली. अर्विद असता तर म्हणाला असता, माझ्या बहिणीला शहरात सगळेच फसवतात. त्या दुकानदाराला जरा हटक.

बाकी मी बरी आहे. वसंतातल्या तापानंतर अंगात ताकद यायला वेळ लागला, पण आता बटाटे काढून झाले, कोबी झाला, जॅमच्या बरण्या भरल्या. स्वयंपाकघराखालचं तळघर गच्च भरलंय. फळी उचलून खाली पाहिलं की कसं श्रीमंत वाटतं!

एक कटकट आहे. अग्निशमन दलाची चिठ्ठी आलीय. धुरांडी झाडणारा विग्गो येणार आहे, तुला आठवत असेल, कानात बाळी घालतो तो. पूर्वी धुरांडं झाडून, वॉफल खाऊन निघून जायचा. आता म्हणे तो सगळं घर तपासतो. धुराचा अलार्म, आग विझवायचं नळकांडं, गॅसचे सिलिंडर कुठे ठेवलेत, सगळं.

मला विग्गोची भीती नाही, स्टाइनारची आहे. माझ्या लेकाने फोनवर सांगितलंय, "आई, त्यांनी एक जरी खोट काढली तर तू बोडोला यायचं. वाद घालायचा नाही." बोडोला माझ्यासाठी खोली बघून ठेवलीय त्याने. लिफ्ट आहे, खाली दवाखाना आहे, आणि खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसते. गुन्वोर, मी या घरात लग्न होऊन आले आणि इथूनच मला उचलून न्यावं एवढीच माझी इच्छा आहे. गाड्या बघत बसायची नाही.

घरात तसं सगळं ठीक आहे. फक्त मागच्या भिंतीजवळ सिलिंडर उभे आहेत ते फार गबाळे दिसतात. शेगडीला जोडलेला एक आहे, त्याची नळी भिंतीतून आत येते. तो लागतोच, कारण वाऱ्याने वीज गेली की चूल आणि तो, दोघंच माझे. पण त्याच्या शेजारी अर्विदच्या बोटीवरचा जुना आहे, आणि रिकामे झालेले तीन, दुकानात परत द्यायचे राहून गेलेले. गंजलेत, त्यांच्यावर बुरशी चढलीय. विग्गोच्या नजरेला पहिल्यांदा तेच पडतील. काहीतरी आवराआवर करायला हवी.

तुझी,
हालदिस

*

ट्रोनहाइम, ९ सप्टेंबर

प्रिय हालदिस,

तुझं पत्र घेऊन मी तडक दुकानात गेले. त्या माणसाला म्हटलं, माझी भावजय बेटावर एकटी राहते, वाऱ्यात राहते, तिला तुम्ही भुसा विकता? तो लाल झाला. त्याने माझ्यासमोर कॉफी करून पाजली. चांगली होती, पण मी कबूल केलं नाही. शेवटी त्याने दुसरं पाकीट फुकट दिलं, ते सोबत पाठवतेय. हे तरी जपून पी.

सिलिंडरांचं म्हणशील तर तू एकटी नाहीस. आमच्या इमारतीत त्यावरून महायुद्ध पेटलंय. तळमजल्याखाली प्रत्येकाची सामानाची कोठडी आहे ना, तिथे तिसऱ्या मजल्यावरच्या हाल्वोर्सनने अंगणात मांस भाजायच्या शेगडीचा सिलिंडर हिवाळ्यासाठी ठेवला. अध्यक्षीणबाईंनी तो शोधून काढला. आता जिन्यात पाटी लागलीय, सभा बोलावलीय. मी म्हटलं, बाई, त्या सिलिंडरने तुमचं काय घोडं मारलंय? बाहेर गारठतो म्हणून आत आणला असेल बिचाऱ्याने. त्या हसल्या नाहीत. त्यांना हसताना मी पाहिलेलंच नाही.

तू उगाच घाबरू नकोस. विग्गोला वॉफल घाल, जॅम घाल, आणि ते गंजके सिलिंडर त्याच्या नजरेआड कर म्हणजे झालं. स्टाइनारचं मला ठाऊक आहे, तो बापासारखाच काळजी करतो आणि आईसारखाच हट्टी आहे. त्याच्या हाती निमित्त देऊ नकोस.

मी त्याच घरात जन्मले हे विसरू नकोस. तू तिथे आहेस म्हणून मला अजून "माझं घर" म्हणता येतं. तू बोडोला गेलीस तर तिथे कुणीतरी ओस्लोचे लोक उन्हाळ्यापुरते येतील आणि भिंती पांढऱ्या रंगवतील.

तुझी,
गुन्वोर

*

स्कार्वोय, १८ सप्टेंबर

प्रिय गुन्वोर,

दुसरं पाकीटही पोचलं. त्याने तुला पुन्हा फसवलं, बाई! हेही गरम पाणीच. पण तू माझ्यासाठी भांडलीस, त्याचीच गोडी मला पुरली. तुझे आभार मानून मी रोज दोन कप पिते.

आवराआवर झाली. काय दिसतेय मागची बाजू, तू पाहायला हवी होतीस. बुरशी घासली, भिंत धुतली, तिथे आता कुंडी ठेवलीय. सिलिंडर तळघरात गेले. रिकामे तीन आणि अर्विदच्या बोटीवरचा एक. शेगडीचा तेवढा बाहेर आहे, कारण तो हलवला तर मी जेवू काय? बटाट्याच्या पोत्यावर एकेक ठेवून शिडीवरून दोरीने खाली सोडले. माझ्या कमरेचं काय झालं ते विचारू नकोस. पण ते जॅमच्या फळीखाली, कोबीच्या पेटीशेजारी असे गुपचूप बसलेत की विग्गोला शोधूनही सापडायचे नाहीत. हिवाळ्याचं सगळं तळघरात ठेवायचं असतं, मग हेच का बाहेर?

विग्गो मात्र आला नाही. समुद्र खवळलेला, बोट बंद. आता ऑक्टोबरमध्ये येतो म्हणाला.

ओड्मुनने मला दोरी ओढताना पाहिलं. कुंपणापलीकडे उभा होता, मेंढ्यांसकट. त्याच्या मेंढ्यांनी माझे बटाटे उकरले आणि "कुंपण तुझं, तू नीट ठेव" असं तो म्हणाला, त्याला किती वर्षं झाली? तेव्हापासून आम्ही हात वर करतो, तोंड उघडत नाही. परवाही त्याने हात वर केला. मी दोरी धरलेली, मला तेवढंही करता आलं नाही.

काल मटण-कोबी केला होता. खाली लागला आणि मला पत्ताच नाही. धूर डोळ्यांत गेला तेव्हा कळलं. त्याच्या आदल्या आठवड्यात चुलीवर वाळत घातलेला मोजा जळला. म्हातारपणी लक्ष राहत नाही, दुसरं काय. स्टाइनारला यातलं काही कळवू नकोस.

तुझी,
हालदिस

*

ट्रोनहाइम, २५ सप्टेंबर

प्रिय हालदिस,

हे पत्र वाचशील तिथेच उठ आणि सिलिंडर वर काढ. पुढचं नंतर वाच.

काढले नसशील, मला माहीत आहे. तर ऐक. परवा आमची सभा झाली. मी हसायला गेले होते, खरं सांगते. वॉफलही होते, फारच पातळ होते. अध्यक्षीणबाईंनी अग्निशमन दलातली एक बाई बोलावली होती. तिने कागदबिगद काही वाचला नाही. काचेचं एक भांडं आणलं, त्यात पायऱ्या केलेल्या, आणि सगळ्यात खालच्या पायरीवर मेणबत्ती पेटवून ठेवली. मग वरून तिने गॅस सोडला. दिसत काहीच नव्हतं. आम्ही बघत बसलो आणि एकदम भांड्यात वरपासून खालपर्यंत ज्वाळा! हाल्वोर्सनच्या हातातला वॉफल पडला.

ती म्हणाली, "प्रोपेन हवेपेक्षा जड असतो. पाण्यासारखा खाली उतरतो आणि सगळ्यात खालच्या जागी साचून राहतो. तळघरातून त्याला बाहेर जायला वाट नसते. म्हणून सिलिंडर तळघरात नाही, माळ्यावर नाही. बाहेर, उभा, मोकळ्या वाऱ्यात, आणि तळघराच्या झरोक्यापासून लांब." मी विचारलं, रिकामा असला तर? ती म्हणाली, "रिकामा असा नसतोच हो. शेगडी विझते तेवढ्यावर तुम्ही त्याला रिकामा म्हणता. आत उरलेलं असतंच."

म्हणजे मी तुला लिहिलं "नजरेआड कर", तो मूर्खपणा होता. मागे घेते. बाहेर होते तेव्हा ते फक्त कुरूप होते, हालदिस. तू आवरलेस आणि ते धोक्याचे झाले.

कोणाकडून तरी वर काढून घे. ओड्मुनला सांग. शाळेत तो मला गणितं दाखवायचा, मनाचा वाईट नाही.

तुझी,
गुन्वोर

ता. क. मोज्याचं आणि मटणाचं मला आवडलं नाही. तुझं लक्ष कधी सुटत नाही. माझ्या लग्नातलं माझं ब्लाउज उसवलेलं तुला चर्चच्या दारातून दिसलं होतं.

*

स्कार्वोय, २ ऑक्टोबर

प्रिय गुन्वोर,

तुझं पत्र वाचून मला हसू आलं, आणि बरंही वाटलं. माझ्यासाठी कोणी एवढं ओरडतं हे काही थोडं नाही. पण तुमची इमारत वेगळी आणि माझं तळघर वेगळं. तिथे तुझ्या आजोबांपासून बटाटे राहतायत, कधी कोणाला काही झालं नाही.

सिलिंडरांचे नळ मी स्वतः घट्ट बंद केलेत. अर्विदच्या सिलिंडरचा नळ खाऱ्या वाऱ्याने खडबडीत झालाय, पूर्ण फिरत नाही, पण फिरला तेवढा फिरवला. खाली सोडताना दोरी मदतीला होती, वर काढायला कोणी नाही. ओड्मुनला सांगणार नाही. स्टाइनारला सांगितलं तर तो सिलिंडरांआधी मलाच बोटीत घालेल. विग्गो येऊन जाऊ दे, मग दुकानातल्या पोराला बोलावून वर काढून घेईन. वचन देते.

आता दुसरीच एक गंमत. टपाल आणणारी मारित काल मागच्या दाराशी नाक दाबून उभी! म्हणाली, "हालदिस, तुझ्याकडे काय सडलंय गं? झरोक्यातून सडक्या कोबीचा वास येतोय." मला इतकी लाज वाटली! तळघराचा झरोका तिथेच आहे. ती गेल्यावर मी फळी उचलून डोकं आत घातलं आणि चांगला श्वास ओढला. काहीच वास नाही. मारितला कोबी आवडत नसणार. पण विग्गो येईल त्या दिवशी घरात सडका कोबी नको, नाहीतर स्टाइनारला सांगेल की म्हातारीला स्वच्छता जमत नाही. तेव्हा या आठवड्यात वारा पडला, दुपारी जरा सवड झाली, की खाली उतरून कोबीची पेटी निवडते. तळघरातला दिवा गेलाय आणि टॉर्चच्या बॅटऱ्या बोटीने यायच्यात, म्हणून अर्विदचा मेणबत्तीचा कंदील पुसून ठेवलाय. किती वर्षांनी पेटणार तो! पेटवताना त्याची आठवण येईल.

तू तिसरं पाकीट पाठवू नकोस. दोष कॉफीचा नसावा. वसंतापासून मला कॉफी काय, मटण काय, सगळं सारखंच लागतं.

तुझी,
हालदिस

*

ट्रोनहाइम, ६ ऑक्टोबर

हालदिस,

हे कशाला लिहितेय ते मलाच कळत नाही. बसवत नाही म्हणून लिहितेय. 

तुझं पत्र आत्ता आलं. जिन्यातच उघडलं, आणि मारितच्या कोबीपाशी पोचताच तशीच वर धावले. सभेतली ती बाई शेवटी म्हणाली होती की गॅसला स्वतःचा वास नसतो, लोकांना कळावं म्हणून मुद्दाम घाण वास मिसळतात, सडलेल्या कोबीसारखा. ते मी तुला लिहिलंच नाही. वॉफलबद्दल लिहिलं आणि ते राहिलं!

तुझ्या नाकाला वास येत नाही, हालदिस. वसंतातल्या तापापासून येत नाही. कॉफी गरम पाणी, मटण लागलं तरी कळलं नाही, मोजा जळाला. मी दुकानदाराशी भांडत बसले, अगं, मला तेव्हाच कळायला हवं होतं. आणि तू झरोक्याशी नाही, थेट फळीतून डोकं आत घालून म्हणतेस, काहीच वास नाही.

बाहेर पाहिलं. वारा पडलाय. दुपार आहे.

मी तुला फोन केला. वाजला, वाजला, थांबला. पुन्हा केला. तू उचलत नाहीस. आपल्या दोघींत फोन फक्त कोणी गेलं तरच करायचा, हे ठरवलं कोणी? आईच्या वेळचं. अर्विद गेल्याचं तू मला असंच कळवलंस, तेव्हापासून मी तुला फोन केलेला नाही आणि तू मला. माझा नंबर दिसला की तू काय समजशील ते मला ठाऊक आहे. समजशील कोणीतरी गेलं. आणि तुला ऐकायचं नसेल तर तू तो वाजत ठेवशील. किंवा तू खाली उतरली असशील.

धक्क्यावरच्या दुकानात फोन केला, ओड्मुनचा नंबर मागितला. दुकानदार म्हणतो, "ओड्मुन? तो तर हालदिसशी बोलत नाही." मी ओरडले, "त्याला बोलायला कोण सांगतंय? पळायला सांग!" मग ओड्मुनला लावला. चाळीस वर्षांनी त्याचा आवाज ऐकला. मी म्हटलं, मी गुन्वोर, हालदिसच्या तळघरात गॅस आहे, तिला वास येत नाही, ती कंदील घेऊन उतरणार आहे. त्याने एक शब्द विचारला नाही. नुसता फोन आपटल्याचा आवाज आला, आणि कुत्रा भुंकल्याचा.

त्यानंतर काही नाही. तुला पुन्हा लावतेय. वाजतोय. तू उचलत नाहीस. उचल ना गं! मी तुला काय वाट्टेल ते बोलले असेन आजवर, तू गोड कॉफी करतेस हे कधी म्हटलं नाही, पण तू गेलीस तर मला आठवड्याला पत्र लिहायला जगात माणूस उरत नाही.

स्टाइनारला कळवावं का? काय कळवू?

थांब. फोन वाजतोय माझा. स्कार्वोयचा नंबर आहे.

आता मला कळतंय तुला उचलवत का नाही ते.

*

स्कार्वोय, १० ऑक्टोबर

प्रिय गुन्वोर,

आपलं फोनवर बोलणं झालं त्याला बोलणं म्हणायचं का? तू रडलीस, मी रडले, ओड्मुनने मध्येच फोन काढून घेतला आणि म्हणाला, "बायांनो, हे पैशांनी चालतं." तेव्हा सगळं नीट लिहून कळवते. तू माझ्यासाठी एवढं केलंस, निदान काय घडलं ते तरी तुला कळायला हवं.

वारा पडला होता. मी स्वयंपाकघरात कंदील टेबलावर ठेवला, काच वर केली, काडेपेटी हातात घेतली. फळीच्या कडीला दोरी बांधून ठेवलीच होती. आणि फोन वाजला.

तुझा नंबर. मी काडी पेटीला लावलेली, तशीच उभी राहिले. म्हटलं, कोण गेलं? तुमचा चुलतभाऊ हाकोन असेल, त्याचं हृदय अशक्त आहे. की तुझंच काही, आणि तुझ्या फोनवरून दुसरं कोणी बोलतंय? मला ते ऐकायचं नव्हतं. जोवर उचलत नाही तोवर कोणी गेलेलं नाही, असं वाटलं. फोन थांबला. मी म्हटलं, आता कंदील लावावा. तर पुन्हा वाजला! मी खुर्चीवर बसले, फोन समोर ठेवला, काडेपेटी मुठीत. त्याला म्हणत होते, थांब रे बाबा, कोबी निवडून होऊ दे, मग सांग काय ते. तो थांबला की मी उठायची, आणि मी उठले की तो वाजायचा. तुझ्या हट्टाला आयुष्यभर नावं ठेवली, गुन्वोर. आता नाही ठेवणार.

अशी मी बसलेली असताना मागच्या दाराला धाडकन लाथ. ओड्मुन! पायात एकच बूट. नाकावर बाही. मी म्हटलं, "आता काय, मेंढ्या कुठे शिरल्या?" तो ओरडला, "हातातलं टाक! काही पेटवू नकोस, दिव्याच्या बटणाला हात लावू नकोस, चल बाहेर!" मी म्हटलं, माझ्या घरात मला हुकूम सोडणारा तू कोण? तर त्याने मला खांद्यावर टाकलं. हो, पोत्यासारखं. या वयात! अंगणातून, कुंपणावरून, त्या भांडणाच्या कुंपणावरून, एका पायात नुसता मोजा, तसंच मला नेलं. घरात फोन वाजतच होता. मी त्याच्या पाठीवर उलटी लटकून तो ऐकत होते.

त्याने त्याच्या घरून अग्निशमन दलाला फोन केला, मग तुला. तोवर मी त्याने केलेली कॉफी पीत होते आणि म्हणत होते की हीसुद्धा गरम पाणीच आहे. तो एकदम माझ्याकडे बघत राहिला. "हालदिस, या कॉफीने माझं नाक झोंबतंय," म्हणाला. तेव्हा मला पहिल्यांदा पटलं की नाक माझंच गेलंय. तू सांगितलेलं मी ऐकलं नव्हतं, त्याच्या नाकाने पटलं.

दलाची बोट आली. त्यात विग्गोही होता, हेल्मेटखाली बाळी चमकत होती. त्यांनी वीज बाहेरून तोडली, यंत्र घेऊन झरोक्याशी गेले, आणि यंत्र असं किंचाळलं की ओड्मुनच्या मेंढ्या पळाल्या. अर्विदचाच सिलिंडर. खडबडीत नळ. हळूहळू, किती दिवस, कोणास ठाऊक. खाली बटाट्यांपाशी गुडघ्यापर्यंत गॅस साचला होता, असं विग्गो म्हणाला. मग तो माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "काडी पेटली असती तर मला आज तुझं धुरांडंही सापडलं नसतं." मला अर्विदच्या कंदिलाची आठवण झाली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बोटीने स्टाइनार आला. दारात उभा राहिला, तोंड पांढरं. त्याने काही बोलायच्या आत मीच सांगून टाकलं. म्हटलं, वसंतापासून मला वास येत नाही, मोजा जळाला, मटण जळालं, सिलिंडर मीच खाली सोडले, आणि हे सगळं तुझ्यापासून लपवलं, कारण मला गाड्या बघायच्या नाहीत. मग त्याने विग्गोला विचारलं, "आई इथे एकटी राहू शकते का? खरं सांगा."

गुन्वोर, माझं सगळं त्या एका प्रश्नात होतं. मी टेबलक्लॉथचं टोक घट्ट धरून बसले होते.

विग्गो वॉफल खात होता. गिळून म्हणाला, "घरात दोष नव्हता. सिलिंडर आधी होते तिथेच बरे होते, हिने माझ्यासाठी आवराआवर केली म्हणून सगळं झालं. त्यांना बाहेर एक हवेशीर खोकं करून द्या, झरोक्यापासून लांब. रिकामे बोटीने परत पाठवा. जमिनीलगत गॅसचा अलार्म बसवा, गॅस खाली असतो, वर टांगून उपयोग नाही. धुराचे अलार्म एकमेकांना जोडा. आणि रोज एक माणूस दारातून आत येऊन वास घेऊन जाईल एवढं बघा. मग राहू दे तिला."

"रोज कोण येणार?" स्टाइनार म्हणाला.

ओड्मुन कोपऱ्यात टोपी फिरवत उभा होता. तो म्हणाला, "माझ्या मेंढ्या तशाही याच बाजूला असतात."

मी तोंड फिरवलं. हसत होते की रडत होते ते त्यांनी बघू नये म्हणून.

तर आता असं आहे. स्टाइनारने दोन दिवस राहून खोकं बांधलं, खाली फटी ठेवल्या, वर उतरतं छप्पर. त्याच्या बापाने बांधलं असतं तसंच. माझी कुंडी त्याच्याशेजारी ठेवलीय. पायाशी अलार्म आहे, हिरवा डोळा उघडा ठेवून बसतो. बोडोची खोली त्याने सोडून दिली. जाताना मला मिठी मारून म्हणाला, "आई, पुढच्या वेळी लपवायचं असेल तर निदान आत्याला तरी लिही." मी म्हटलं, तेच तर करत होते.

आणि रोज सकाळी माझं नाक येतं. बूट दाराशी काढतं, दोन्ही बूट. मागचं दार, चूल, तळघराची फळी, सगळीकडे वाकून हुंगतं, मग खुर्चीत बसतं आणि सांगतं, "ठीक आहे." काल त्याने तुझी कॉफी पहिल्यांदा चाखली. डोळे मिटून म्हणाला, एवढी चांगली कॉफी त्याने कधीच प्यायली नव्हती. तेव्हा त्या दुकानदाराकडे जा आणि माझ्या वतीने माफी माग. फुकटच्या पाकिटाचे पैसेही दे. तू भांडलीस याचे आभार मी आधीच मानलेत, आता तो भुसा विकत नव्हता याचेही मानते.

डॉक्टरने नाक तपासलं. वास परत येईल म्हणतो, नाहीही येणार म्हणतो. मला त्याचं एवढं वाईट वाटत नाही. वास गेला, पण गुन्वोर, मला वाटायचं की या बेटावर आता मला विचारणारं कोणी उरलेलं नाही, तेही त्याच्याबरोबर गेलं. मारितने नाक दाबलं, तू फोन वाजवत राहिलीस, ओड्मुन एका बुटावर धावला. एवढी माणसं माझ्यासाठी धावतात हे मला मरायला टेकल्याशिवाय कळलं नसतं का? आता कळलंय, आणि मी रोज उठून त्याचे आभार मानते, कोणाचे ते ठरवलेलं नाही. बहुतेक तुझेच.

एक शेवटचं. रविवारी जेवण झाल्यावर मी तुला फोन करणार आहे. माझा नंबर दिसला की घाबरू नकोस आणि वाजत ठेवू नकोस. कोणीही गेलेलं नाही, एवढंच सांगायला करणार आहे. त्याच्या पुढच्या रविवारीही.

तुझी,
हालदिस